फाइल पोचली का?

सकाळी ६.४५

चाकणच्या कारखान्यात पहिली पाळी सात वाजता सुरू होते आणि टाइम ऑफिस त्याआधीच उघडतं. तिथल्या माणसाला खुर्चीत बसल्याबरोबर रात्रपाळीचा हजेरी अहवाल हवा असतो, तोही एक्सेलमध्ये. त्यातले गैरहजर गाळून सुपरवायझरला व्हॉट्सॲपवर पाठवायचे असतात. म्हणून माझा दिवस घरीच, चहा घेता घेता लॉग बघण्यापासून सुरू होतो. कारखान्यांची हजेरी, पगार आणि पीएफ सांभाळणारं एक वेब ॲप्लिकेशन आमची कंपनी चालवते. पडद्यावर दिसणारा भाग इतर मंडळी बघतात. त्यातून फाइल होऊन जे बाहेर पडतं ते सगळं माझ्याकडे: पगारस्लिपा, मस्टर, बँकेची यादी, पीएफची टेक्स्ट फाइल, आणि जून लागला की फॉर्म १६.

पडद्यावरची चूक दुपारपर्यंत सुधारता येते. पान पुन्हा उघडलं की नवं दिसतं, जुनं कुणाच्या लक्षातही राहत नाही. फाइलचं तसं नाही. ती उतरली की कुणाच्या मेलमध्ये जाते, पेन ड्राइव्हवर जाते, गृहकर्जाच्या अर्जाला जोडली जाते, आणि तिथून तिला परत बोलावता येत नाही. त्यामुळे नवं डाउनलोड मागायला कुणी आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: उतरल्यावर ही फाइल पुढे कुठे जाणार? कोण उघडणार, कशात उघडणार, की कुणीच न उघडता एखाद्या सरकारी पोर्टलवर चढवणार? याचं उत्तर मिळाल्याशिवाय मी कोडला हात लावत नाही.

लॉगमध्ये २०० हा आकडा दिसला म्हणजे फाइल पोचली, असंही मी धरत नाही. एचटीटीपीमध्ये उत्तराचा आकडा सगळ्यात आधी जातो, मजकूर त्याच्या मागून. मजकूर निम्मा गेलेला असताना नेटवर्क तुटलं तरी लॉगमध्ये २०० तसाच राहतो. म्हणून फाइल किती बाइटची होती आणि प्रत्यक्षात किती बाइट गेले, हे दोन रकाने शेजारी ठेवून बघायचे. आज फरक असलेल्या ओळी एकाच कारखान्याच्या आहेत आणि सगळ्या रात्री साडेदहा ते सव्वाअकराच्या आहेत. दुसरी पाळी सुटण्याची ती वेळ. सगळ्या मोबाइलवरच्या, सगळ्या पगारस्लिपांच्या. हे संध्याकाळी नीट बघायचं, असं वहीत लिहून ठेवलं.

सकाळी ८.१०

टाइम ऑफिसचा फोन. "मॅडम, फाइल उतरतेय, पण उघडत नाही. एक्सेल म्हणतंय, फॉरमॅट चुकीचा आहे."

"साहेब, फाइल केवढी दिसतेय? केबी किती?"

"सहा."

सहा केबीत सातशे माणसांची हजेरी मावत नाही. त्यांना ती फाइल नोटपॅडमध्ये उघडायला सांगितली. एक्सेलची आजची फाइल आतून झिपच असते, त्यामुळे तिची पहिली दोन अक्षरं नेहमी पी आणि के असतात. झिप ज्यांनी १९८९मध्ये आणली त्या फिल कॅट्झ यांची ती आद्याक्षरं, आज जगातल्या प्रत्येक एक्सेल आणि वर्ड फाइलच्या डोक्यावर बसलेली. साहेबांच्या फाइलीच्या सुरुवातीला मात्र वेबपानाचा मजकूर होता. लॉगिनची मुदत रात्रीतच संपली होती, सर्व्हरने फाइलऐवजी लॉगिनचं पान दिलं, आणि ब्राउझरने तेच पान हजेरीचं नाव लावून जतन केलं.

वेब ॲप्लिकेशनमधला हा अगदी सर्रास आढळणारा दोष आहे. मुदत संपली की वापरणाऱ्याला लॉगिनच्या पानावर वळवायचं ही रीत पानांसाठी योग्य आहे, फाइलींसाठी घातक. फाइलच्या पत्त्यावर मुदत संपलेला माणूस आला तर सर्व्हरने स्पष्ट ४०१ असं उत्तर द्यायला हवं आणि पडद्यावर "पुन्हा लॉगिन करा" असं दिसायला हवं. आमच्या बहुतेक फाइलींना हा नियम लागू झाला आहे. हा अहवाल जुन्या मार्गावर राहिलेल्यांपैकी एक. साहेबांनी पुन्हा लॉगिन केलं, फाइल मिळाली. अहवालाचा मार्ग बदलायचं काम मी आजच्या यादीत सगळ्यात वर घातलं. कारण असली फाइल कुणी न उघडताच पुढे पाठवली, तर ती उघडत नाही हे भलत्याच ठिकाणी, भलत्याच माणसाला कळतं.

सकाळी १०.१५

ऑफिसात पोचल्यावर पहिली बैठक पगार खात्याच्या मॅडमबरोबर, व्हिडिओवर. एका कारखान्याची मागणी आहे की पीएफची फाइल एक्सेलमध्ये मिळावी, "म्हणजे चढवण्याआधी तपासता येईल."

यावर मी बराच वेळ घेते, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच वळणावर होतं. पीएफच्या पोर्टलवर चढवायची मासिक फाइल साधी टेक्स्ट असते. एका कामगाराची एक ओळ, आणि दोन रकान्यांच्या मध्ये #~# अशी खूण. पहिला रकाना यूएएन, म्हणजे कामगाराचा बारा अंकी कायमचा क्रमांक. आता हा क्रमांक सीएसव्हीतून एक्सेलमध्ये उघडून बघा. एक्सेलला तो संख्या वाटतो. अकरापेक्षा जास्त अंकांची संख्या साध्या रकान्यात तो घातांकाच्या रूपात दाखवतो, म्हणजे एक पॉइंट काहीतरी, पुढे ई, पुढे अधिक अकरा. नुसतं बघून बंद केलं तर बिघडत नाही. पण "सेव्ह करू का?" या प्रश्नाला हो म्हटलं की सीएसव्हीत जे दिसत होतं तेच लिहिलं जातं, आणि शेकडो कामगारांचे क्रमांक एकसारखे होऊन बसतात. बँक खात्यांची गत आणखी वाईट. एक्सेल संख्येचे पंधरा अंकच जपतो. खाते क्रमांक सोळा अंकी असला तर शेवटचा अंक शून्य होतो, आणि हे डोळ्यांना चटकन दिसत नाही. खाते क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर ते शून्य गळून पडतं. ही एक्सेलची खोडी नाही. तो हिशोबासाठी बनवलेला आहे आणि खाते क्रमांक हा हिशोबाचा आकडा नाही. फाइल देणाऱ्याने ते सांगायला हवं.

म्हणून आमच्याकडे दोन वेगळ्या वाटा आहेत. माणसाने वाचायची फाइल एक्सएलएसएक्समध्येच जाते आणि तिच्यात यूएएन, खातं, मोबाइल, पिनकोड हे रकाने मजकूर म्हणून बांधलेले असतात. यंत्राने वाचायची फाइल टेक्स्टमध्ये जाते आणि ती मध्ये कुणी उघडू नये अशी आमची इच्छा असते.

पण नुसती इच्छा धरून भागत नाही. मॅडम फाइल का उघडतात? खात्री करायला. माणसं किती, एकूण पगार किती, मालकाचा आणि कामगाराचा हिस्सा किती, मागच्या महिन्यात असलेले कोण या महिन्यात नाहीत. हे सगळं डाउनलोडच्या बटणाशेजारीच पडद्यावर दाखवलं तर फाइल उघडायचं कारणच उरत नाही. मी मॅडमना तसा कच्चा नमुना दाखवला. त्या म्हणाल्या, "बेरीज इथे दिसली तर मी कशाला एक्सेल उघडू? पंधरा तारखेच्या आत चलन भरायचं असतं हो, तेवढीच धाकधूक असते." मागणी एक्सेलची होती, गरज खात्रीची.

माणसाच्या आणि यंत्राच्या फाइलींत आणखीही बारीक फरक आहेत आणि ते एकमेकांच्या विरुद्ध जातात. सीएसव्हीत मराठी नावं असतील तर फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ची तीन बाइटची न दिसणारी खूण घालावी लागते. नाहीतर विंडोजवरचा एक्सेल दुहेरी क्लिकने उघडताना जुनी लिपिसारणी धरतो आणि नावांच्या जागी रोमन चिन्हांचा खच पडतो. तीच खूण यंत्राच्या फाइलीत गेली तर पहिल्या कामगाराच्या यूएएनला ती चिकटते आणि समोरची प्रणाली "क्रमांक अवैध" म्हणून सबंध फाइल परत करू शकते. ती डोळ्यांना दिसत नसल्यामुळे बिचारा माणूस क्रमांक दहादा ताडून बघतो.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. एखाद्या रकान्यातला मजकूर बरोबरच्या, अधिकच्या, वजाच्या किंवा ॲट या चिन्हाने सुरू झाला तर एक्सेल त्याला सूत्र समजू शकतो. पत्त्याच्या रकान्यात कुणी मुद्दाम सूत्र भरलं, तर ते तिसऱ्याच माणसाच्या संगणकावर चालतं, आणि तो माणूस बहुधा पगार खात्यातला असतो. माणसाच्या फाइलीत अशा मजकुराआधी एक अवतरणचिन्ह घालून तो निष्प्रभ करता येतो. यंत्राच्या फाइलीत तेच केलं तर माहिती बिघडते. "सगळ्या फाइलींना एकच नियम लावू" असं नव्या लोकांना वाटतं, कारण कोड नीटस होतो. मी लावू देत नाही. फाइल कुठे जाणार, त्यावर नियम ठरतो.

दुपारी १२.००

वर्षाच्या मस्टरची मागणी. चार हजार कामगार, तीनशे पासष्ट दिवस, प्रत्येक माणसाची रोज एक ओळ. म्हणजे चौदा लाख साठ हजार ओळी. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. त्यापुढे एकही नाही. (२००७च्या आधीच्या एक्सेलमध्ये ही मर्यादा ६५,५३६ होती.) मागणाऱ्याला मी विचारलं की बघणार काय आहात? उत्तर आलं की कामगार खात्याची तपासणी आहे, निरीक्षक एखादा महिना काढून बघतात. मग महिन्याला एक शीट, बारा शीटांची एक फाइल. एक लाख चोवीस हजारांहून जास्त ओळींची एकही शीट नको असलेला माणूस चौदा लाखांची एक शीट मागत होता, कारण मागताना बटणावर "संपूर्ण वर्ष" एवढंच लिहिलेलं होतं.

एवढी फाइल बटण दाबल्यावर जागच्या जागी तयार करायची नसते. आमच्या पुढे एनजिनएक्स आहे. मागच्या सर्व्हरने साठ सेकंद काहीच पाठवलं नाही तर तो वाट बघणं सोडतो. मूळ मांडणी तशीच आहे. मग कुणीतरी ती मर्यादा दहा मिनिटांवर नेऊन ठेवतं. त्याने आजचा प्रश्न सुटतो. उद्या पाच जण एकदम मस्टर मागतात आणि हजेरीची नोंद करणारी पंच यंत्रंही अडकतात. त्यापेक्षा मागणी नोंदवून "स्वीकारली" असं लगेच कळवायचं, काम रांगेत लावायचं आणि फाइल तयार झाली की निरोप द्यायचा. त्याच माणसाने तीच मागणी पुन्हा केली तर नवं काम सुरू करायचं नाही, चालू असलेलंच दाखवायचं. लोक बटण पुन्हा पुन्हा दाबतात, कारण पडद्यावर काही हलताना दिसत नाही. रांगेतला क्रमांक आणि झालेले महिने दिसू लागले की दाबणं थांबतं.

इथे आमच्या टीममधल्या नव्या मुलाने एक चांगला प्रश्न काढला. मस्टर तयार व्हायला अकरा मिनिटं लागली आणि तेवढ्यात टाइम ऑफिसने मे महिन्यातल्या दोन नोंदी दुरुस्त केल्या, तर फाइलीत काय येईल? नीट बांधलं नसेल तर एक दुरुस्ती येईल, दुसरी येणार नाही, आणि असं मस्टर कुठल्याही क्षणी खरं नव्हतं. म्हणून सगळं वाचन डेटाबेसच्या एकाच क्षणाच्या स्थितीतून करायचं आणि तो क्षण पहिल्या शीटवर तारीख-वेळेसह छापायचा. फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहायची. पूर्ण झाली, आकार जुळला, की मगच खरं नाव द्यायचं. अर्धवट फाइल कुणाच्या हाती लागायची शक्यताच ठेवायची नाही. निरीक्षकासमोर दोन मस्टर आली आणि दोन्हींत फरक निघाला, तर वेळ छापलेली असणं हाच कारखान्याचा एकमेव आधार असतो.

दुपारी १.३०

डबा. आज बोलणं पावसाचं.

दुपारी २.१५

दिवसातलं माझं सगळ्यात आवडतं काम. पगारस्लिप मराठीतून.

कंत्राटी कामगारांना इंग्रजी स्लिप हातात दिली तर ते फक्त खालचा आकडा बघतात. भविष्य निर्वाह निधी किती कापला, ओव्हरटाइमचे तास किती धरले, फेब्रुवारीत व्यवसाय कर दोनशेऐवजी तीनशे का गेला, हे त्यांना वाचता यायला हवं. मराठी स्लिप ही शोभेची गोष्ट नाही. चुकलेले तास कामगाराला स्वतः पकडता यावेत, त्यासाठी ती आहे.

अडचणी दोन. पहिली नावाची. फाइलचं नाव ब्राउझरला कन्टेन्ट-डिस्पोझिशन या शीर्षओळीतून कळतं. या ओळी जुन्या काळच्या, रोमन लिपी गृहीत धरलेल्या. तिथे थेट देवनागरी टाकली की कुठल्या ब्राउझरला काय दिसेल सांगता येत नाही. जून २०११मध्ये आलेल्या आरएफसी ६२६६ने हे मार्गी लावलं: नाव दोनदा द्यायचं. एकदा साध्या रोमन लिपीत, जुन्यांसाठी. आणि एकदा तारांकन लावलेल्या रकान्यात, यूटीएफ-८ म्हणून सांगून, टक्क्याच्या चिन्हांनी सांकेतिक करून. देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात आणि प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात, त्यामुळे "पगार" हा चार चिन्हांचा शब्द त्या ओळीत छत्तीस अक्षरांचा होतो. नावं आटोपशीर ठेवावी लागतात ती यासाठीही. लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, म्हणजे मात्रा-वेलांट्या धरून पंच्याऐंशी देवनागरी चिन्हं. "मे महिन्याच्या अंतिम मंजूर वेतनाचे सुधारित विवरणपत्र" अशी नावं मागणारे लोक आहेत. मी वर्ष, महिना, "पगार" एवढ्यावर थांबते. वर्ष आधी, म्हणजे फोनमध्ये स्लिपा आपोआप क्रमाने लागतात. तारखेत तिरकी रेघ कधीच नाही. विंडोज ती नावात चालू देत नाही.

सगळ्या स्लिपांची एकत्र झिप करताना आणखी एक जागा असते. झिपमध्ये प्रत्येक नावासोबत खुणांचा एक संच जातो आणि त्यातली अकराव्या क्रमांकाची खूण सांगते की हे नाव यूटीएफ-८ आहे. ती लावली नाही तर झिप उघडते, फाइली शाबूत असतात, फक्त कुठली कुणाची ते ओळखता येत नाही.

दुसरी अडचण पीडीएफच्या आतली, आणि ती खोल आहे. पीडीएफ अक्षरं ठेवत नाही, अक्षरांच्या आकृत्या कुठे काढायच्या ते ठेवते. रोमन लिपीत एका अक्षराला एक आकृती, म्हणून पीडीएफ बनवणाऱ्या कितीतरी साधनांनी तेवढाच विचार केला. देवनागरीत "कि" लिहिताना क आधी साठवला जातो आणि वेलांटी मागून. काढताना वेलांटी आधी काढायची. रफार उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. क्ष, ज्ञ, श्र यांच्या आकृत्या वेगळ्याच. ही जुळणी करणारा वेगळा टप्पा लागतो. क्रोम आणि फायरफॉक्स त्यासाठी हार्फबझ वापरतात. म्हणून आम्ही स्लिप आधी वेबपान म्हणून रचतो आणि पडद्याशिवाय चालणाऱ्या क्रोमकडून तिची पीडीएफ करून घेतो. फॉन्ट पीडीएफच्या आत भरतो. बँकेतल्या संगणकावर तो असेल, यावर विसंबून राहायचं नाही.

तपासणीसाठी मी नावांची एक यादी जमवली आहे: ज्ञानेश्वर, प्रज्ञा, क्षितिजा, श्रीकृष्ण, कऱ्हाडे. शेवटच्या नावावर बऱ्याच प्रणाली अडखळतात. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक तऱ्हा नुक्ता असलेल्या ऱ ची. दुसरी साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. सुरक्षिततेसाठी "न दिसणारी चिन्हं काढून टाका" असा नियम कुणी सरसकट लावला की दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेल्या नावातला अर्धा र रफार होऊन बसतो आणि कऱ्हाड्यांचं आडनाव बदलतं. बँकेत कर्जाच्या अर्जावरचं नाव आणि स्लिपवरचं नाव जुळलं नाही तर खुलासा कामगाराने करायचा असतो, चिन्ह काढणाऱ्याने नाही. तो नियम मी आज आमच्या सामायिक कोडमधून काढला आणि नेमकी कुठली चिन्हं काढायची त्यांची यादी त्या जागी घातली. जोडचिन्ह त्या यादीत नाही.

दुपारी ४.००

ही वेळ मी हट्टाने राखून ठेवते: दुसऱ्याची फाइल मिळते का, हे बघायची.

चाचणीचा एक कामगार म्हणून लॉगिन करायचं, स्वतःची स्लिप उतरवायची, पत्त्यातला क्रमांक बदलायचा आणि शेजाऱ्याची मागायची. मिळाली तर सगळं काम थांबतं. वेब सुरक्षिततेतल्या मोठ्या धोक्यांची यादी काढणाऱ्या ओवास्पने २०२१च्या यादीत अधिकार न तपासण्याचा दोष पहिल्या क्रमांकावर ठेवला, त्यात नवल नाही. पानावर नीट तपासणी असते. फाइल मात्र वेगळ्या पत्त्यावरून येते आणि तिथे तपासणी राहून जाते. "क्रमांकाऐवजी लांबलचक सांकेतिक नाव दिलंय, कुणाला ओळखता येणार नाही" हे उत्तर मला पटत नाही. ते नाव व्हॉट्सॲपवर पुढे जातं, ब्राउझरच्या इतिहासात राहतं. प्रत्येक मागणीला सर्व्हरने विचारलंच पाहिजे, की हा कोण आणि ही फाइल याची आहे का.

क्लाउडच्या साठ्यातून फाइल द्यायची तर सही केलेली, मुदतीची लिंक देता येते. ॲमेझॉनच्या एस३मध्ये ही मुदत जास्तीत जास्त सात दिवस ठेवता येते. पण ज्याच्या हाती लिंक, त्याच्या हाती फाइल. तिथे पुन्हा कुणी ओळख विचारत नाही. आमची मुदत पाच मिनिटांची आहे आणि लिंक प्रत्येक वेळी अधिकार तपासूनच तयार होते.

याहून जास्त काळजी मला टाइम ऑफिसबाहेरच्या सामायिक संगणकाची वाटते. तिथे ओळीने कामगार येतात, स्लिप उतरवतात, छापतात आणि जातात. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये शंभर जणांचे पगार पडून राहतात. कुणाचं कर्ज कापलं जातंय, कोर्टाच्या आदेशाने कुणाच्या पगारातून पोटगी जातेय, हे पुढच्या माणसाला दोन क्लिकमध्ये दिसतं. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा २०२३मध्ये झाला; तो नसता तरी हे चालवून घेण्यासारखं नव्हतं. तिथल्या ब्राउझरमध्ये आता डाउनलोडच बंद आहे. स्लिप पडद्यावर उघडते, थेट छापली जाते, साठवू नये अशी सूचना तिच्यासोबत जाते, आणि दोन मिनिटं कुणी हात लावला नाही की लॉगिन सुटतं.

संध्याकाळी ५.३०

सकाळच्या अर्धवट ओळी. रात्री अकराच्या सुमाराला गेटबाहेर शेकडो फोन एकाच टॉवरवर असतात, त्यात बसेस निघतात. फाइल चारशे केबीची, पण निम्म्यात तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

एचटीटीपीत यावर उपाय आहे. फोन म्हणू शकतो की अमुक बाइटपासून पुढचं द्या, आणि सर्व्हर २०६ या आकड्याने तेवढाच तुकडा देतो. अट एकच: मधल्या वेळात फाइल बदललेली नसावी. आमची स्लिप दर मागणीला नव्याने तयार होत होती आणि पीडीएफमध्ये तयार झाल्याची वेळ लिहिली जाते, त्यामुळे मजकूर तोच असूनही बाइट वेगळे. असे दोन तुकडे जोडता येत नाहीत. आता पगार मंजूर झाला की स्लिप एकदाच तयार होईल, तशीच राहील, आणि तिच्यासोबत तिची ओळखखूण जाईल. एका कामगाराची मेची स्लिप म्हणजे कायम तेच बाइट. वाद झालाच तर दोन्ही बाजूंच्या हाती एकच कागद असेल, हा त्यातला मला जास्त मोलाचा वाटणारा लाभ.

दुसरं कारणही सापडलं. काही जण आमचं पान एका ॲपच्या आत उघडतात. पानातल्या जावास्क्रिप्टने फाइल आधी फोनच्या स्मरणात घ्यायची आणि मग तिथून उतरवायची, ही पद्धत क्रोममध्ये चालते. अँड्रॉइड ॲपच्या आतल्या वेबव्ह्यूमध्ये ती फाइल आपोआप उतरत नाही, बटण दाबून काहीच होत नाही. साधी लिंक आणि सर्व्हरकडून "ही उतरवून घ्या" एवढी सूचना, ही वेबची सगळ्यात जुनी वाट सगळीकडे चालते. स्लिपसाठी तीच ठेवली.

संध्याकाळी ७.००

फॉर्म १६. मालकाने तो १५ जूनपर्यंत द्यायचा असतो. भाग अ आणि भाग ब हे दोन्ही आयकर खात्याच्या ट्रेसेस पोर्टलवरून येतात. एका कारखान्याने विचारलंय की सही झालेल्या दोन्ही पीडीएफ जोडून त्यावर पासवर्ड घालून देता येईल का. डिजिटल सही त्या बाइटवर केलेली असते. नंतर जोडलं, पासवर्ड घातला, जलचिन्ह उमटवलं, की सही तुटते आणि बँकेतल्या माणसाला ती अवैध दिसते. क्रम उलटा हवा: आधी जोडा, मग सही करा, त्यानंतर कुणीही हात लावू नका. आमचा सर्व्हरही नाही.

नावात पॅन नको, हेही मी पुन्हा सांगितलं. लेखा विभागाला जुळणीसाठी पॅन लागतो, म्हणून त्यांच्या एकत्रित झिपमध्ये तो राहील. कामगाराच्या फाइलचं नाव नुसतं फॉर्म १६ आणि वर्ष. ती सायबर कॅफेत छापली जाते, आणि नाव तिथल्या संगणकावर मागे राहतं.

शेवटचा मुद्दा नोकरी सोडलेल्यांचा. ऑक्टोबरमध्ये राजीनामा दिलेल्या माणसाचं लॉगिन त्याच दिवशी बंद होतं, आणि ते बरोबरच आहे. पण एप्रिल ते ऑक्टोबरच्या पगारातून कर कापलेला असतो आणि त्याचा फॉर्म १६ मिळणं हा त्याचा हक्क असतो. आजवर असे लोक जुन्या ओळखीने कुणाला तरी फोन करायचे आणि ती फाइल कुणाच्या तरी खासगी मेलवरून जायची. त्यांच्यासाठी वेगळं दार केलं आहे: नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी, जन्मतारीख, आणि आत फक्त स्वतःचा फॉर्म १६ आणि जुन्या स्लिपा. मोबाइल बदललेला असेल तर एचआरकडे ओळखपत्र दाखवून नवा नोंदवायचा, फोनवरून नाही.

साडेआठला या दाराला पगार खात्याच्या मॅडमचा होकार आला. आज रात्रीच्या रांगेत या लोकांच्या फाइली सगळ्यात आधी लावल्या आहेत, कारण कामावर असलेल्यांना उशीर झाला तर ते टाइम ऑफिसात जाऊन विचारतील. एसएमएस सकाळी दहाला सुटतील. त्यात लिंक नाही, कारखान्याचं नाव आणि पत्ता कुठे शोधायचा एवढंच आहे. एसएमएसमधल्या लिंकवर बोट ठेवायची सवय आम्ही लोकांना लावणार नाही.